जादा गाडीचे सहा दिवस

पहिलं मूल होणं हा माणसाचा घरगुती मामला असतो. दुसरं न होणं हा सार्वजनिक प्रश्न असतो. पहिल्याच्या वेळी लोक येतात, बाळ बघतात आणि जातात. दुसऱ्याच्या वेळी बाळच नसल्यामुळे बघायला फक्त आई-बाप उरतात, आणि ते काम लोक फार मन लावून करतात. या कामाला कुठेही कार्यालय नाही, कर्मचाऱ्यांना पगार नाही, रजा नाही, निवृत्तीचं वय नाही. उलट निवृत्तीनंतर कार्यक्षमता वाढते असा अनुभव आहे. इतकी तत्पर सेवा दुसऱ्या कोणत्याही खात्यात मिळत नाही, हे आधी मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे.

बस डेपोतल्या वेळापत्रकबाईंना ही सेवा एकतीस महिने अखंड मिळत होती.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण डेपोत सगळे त्यांना वेळापत्रकबाईच म्हणत. चौऱ्याऐंशी गाड्या महिनाभर एकमेकींच्या अंगावर न जाता कशा फिरतील याचा तक्ता त्या काढत. अकरा वर्षांत त्यांच्या तक्त्यात एकही चूक सापडली नव्हती (गाड्या उशिरा येत, पण तो गाड्यांचा दोष). अशा बाईला आपल्याकडे होणाऱ्या चौकशांची नोंद ठेवल्याशिवाय चैन पडणं शक्यच नव्हतं. एकतीस महिन्यांत एकूण चौकशा चारशे सहा. त्यांपैकी ‘आता दुसरं कधी?’ दोनशे अठरा. ‘एकटं मूल हट्टी होतं हं’ एक्क्याण्णव (ही तांत्रिकदृष्ट्या चौकशी नव्हे, पण सूर तोच). काही न बोलता नुसतं पोटाकडे बघणं त्रेसष्ट. ‘काही अडचण आहे का?’ तीस. आणि ‘त्याच्यात की तुझ्यात?’ चार. या चारांतल्या तिघी पूर्णपणे अनोळखी होत्या. चौथी दातांची डॉक्टर होती, आणि विचारलं तेव्हा तिची दोन अवजारं बाईंच्या तोंडात असल्यामुळे उत्तर देता आलं नाही.

घरात साडेपाच वर्षांची मुलगी होती. तिला सगळे थोरली म्हणत. जन्मली त्याच दिवशी सासूबाईंनी तिला हातात घेऊन “ही आमची थोरली” असं जाहीर केलं, आणि ते चिकटलं. धाकटं येणारच हे गृहीत धरून केलेली ही नेमणूक होती. वरची जागा भरली, खालची रिक्त राहिली. शाळेत शिक्षिकेने एकदा कौतुकाने विचारलं, “तू थोरली, मग धाकटं कोण गं तुमच्याकडे?” तेव्हा थोरलीने सांगितलं, “अजून यायचंय. गाडी लेट आहे.” घरात बोललेलं पोरं कुठे नेऊन पोचवतील याचा नेम नसतो. शिक्षिकेची गणना नंतर दोनशे अठरामध्ये करण्यात आली.

थोरली मात्र काहीही न ठरवता आली होती. नवीन घरात सामान येऊन पडलं होतं, पलंग जोडायचा राहिला होता, गादी जमिनीवर होती आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं. एवढ्या अपुऱ्या तयारीवर एक अख्खं माणूस तयार झालं. ज्या कामाला तेव्हा नियोजन म्हणून लागलं नाही, ते आता संपूर्ण नियोजन करूनही होत नव्हतं, आणि वेळापत्रकावर ज्यांची श्रद्धा आहे अशा बाईंना ही गोष्ट नुसती दुःखाची नव्हे, अपमानाची वाटत होती.

सल्ले भरपूर मिळाले. कॉफी सोडावी. कॉफी घ्यावी, पण उभं राहून घेऊ नये. नवऱ्याने सैल विजारी वापराव्यात. मोबाइल खिशात ठेवू नये (कुठे ठेवावा याबद्दल मतभेद). नंतर पाऊण तास पाय भिंतीला लावून पडावं. त्यामुळे काय होतं हे कोणालाच माहीत नाही, पण भिंतीवर टाचांचे दोन काळे डाग पडतात एवढं नक्की. सर्वांत लोकप्रिय सल्ला होता, “टेन्शन घेऊ नका, विचार सोडा, आपोआप होईल.” प्रत्येकाच्या ओळखीत एक जोडपं होतं, ज्यांनी नाद सोडला आणि पुढच्याच महिन्यात गोड बातमी दिली. बाईंनी या जोडप्याचा माग काढला. अकरा वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेलं जोडपं एकच निघालं. त्यांना चार जणांच्या मते जुळं झालं होतं, सहा जणांच्या मते मुलगा, आणि एकाच्या मते त्यांचा घटस्फोट झाला होता.

शेवटी दोघं दवाखान्यात गेली.

दवाखान्याच्या दारावर पाटी होती: ‘कृपया लहान मुलांना सोबत आणू नये.’ आतल्या बायकांना बघवत नाही म्हणून ही पाटी, आणि ती योग्यच होती. बाईंनी थोरलीला सासूबाईंकडे ठेवलं होतं, पण पर्समधून तिचा रंगीत खडू खाली पडला आणि गडगडत शेजारच्या बाईच्या पायाशी गेला. तिने तो उचलून दिला. विचारलं, “कितव्यासाठी?” बाई म्हणाल्या, “दुसऱ्यासाठी.” त्या बाईने मान हलवली, आणि मग दोघींच्या मधल्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. तिचा राग यावा असं काही नव्हतं. बाईंना फक्त फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. ज्याला एक आहे त्याने रडायचं नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ असतो.

फॉर्मवर या दुखण्याचे दोन प्रकार छापलेले होते, प्राथमिक आणि दुय्यम. बाईंच्या नावापुढे डॉक्टरांनी ‘दुय्यम’ला बरोबरची खूण केली. बाहेरच्या जगाचं मत यापेक्षा वेगळं नव्हतं.

मग तपासण्या झाल्या. रक्त घ्यायला एक नर्स होती. तिला शीर पहिल्याच टोचणीत सापडत असे आणि ती चौकशी करत नसे. या दोन्ही गुणांमुळे बाईंना ती देवमाणूस वाटे. नवऱ्याचीही तपासणी झाली. नवरा मोटार शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून, स्वतःच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून, तो दिवसातून साठ वेळा “घाबरू नका, मी आहे” असं म्हणे, आणि घरीही हेच वाक्य त्याच सुरात म्हणे. त्याच्या अहवालात लिहिलं होतं, ‘सरळ पुढे जाणारे: बेचाळीस टक्के.’ डॉक्टर म्हणाले, “उत्तम आहे.” नवरा म्हणाला, “उत्तमच म्हणायचं. माझ्या विद्यार्थ्यांत एवढे नाहीत.”

बाईंचे अहवालही उत्तम आले. सगळंच उत्तम होतं. त्यामुळे डॉक्टरांनी निदान लिहिलं, ‘कारण सापडत नाही’, आणि हे अधिकृत निदान आहे असंही समजावून सांगितलं. मग म्हणाले, “महिन्यातले सहा दिवस महत्त्वाचे. ते सोडू नका. आणि ताण घेऊ नका.” सहा दिवस दिले की बाकीचे चोवीस मोजण्याचा ताण आपोआप येतो, पण तो डॉक्टरांच्या विभागात येत नाही.

हे सहा दिवस सांगणारं एक ॲप मोबाइलवर मिळतं. नवऱ्याने ते घेतलंही होतं. पण त्याचा फोन गाडीच्या डॅशबोर्डवर लावलेला असे, आणि भर चौकात, एक निवृत्त मुख्याध्यापक आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडे वळत असताना, पडद्यावर गुलाबी फुलं उमलली आणि अक्षरं आली, ‘आज प्रयत्न करा!’ मुख्याध्यापकांनी प्रयत्न केला. दुभाजकाचं थोडं नुकसान झालं. ॲप काढून टाकण्यात आलं.

तेव्हा बाईंनी स्वतःच तक्ता काढायचं ठरवलं. आखलेला कागद म्हणून डेपोचाच फॉर्म समोर होता. त्यात रकानेही छापलेले होते आणि रिकामा रकाना बाईंना सहन होत नसे. त्यांनी लिहिलं: जादा गाडी. तारीख अकरा ते सोळा. सुटण्याची वेळ पहाटे पाच वीस (थोरली सहाला उठे). मार्ग नेहमीचा. चालक नेहमीचाच. वाहकाची आवश्यकता नाही. अपेक्षित प्रवासी एक. शेरा: घाई करू नये, रद्द करू नये. मग सवयीने खाली सही केली, आणि सही केली म्हणून शिक्का मारला, आणि तक्ता म्हटला की दोन प्रती लागतात म्हणून दुसरी प्रत काढली. एक पर्समध्ये गेली. कार्यालयीन प्रत ट्रेमध्ये राहिली. त्यानंतर बाई डॉक्टरांच्या सांगण्यावरून, ताण कमी करण्यासाठी, अकरा ते सोळा रजेवर गेल्या.

शिपाईकाकांनी ट्रेमधला कागद फळ्यावर लावला. सही-शिक्क्याचा कागद फळ्यावर लावणं हे त्यांचं बावीस वर्षांचं काम होतं. तो वाचणं हे कोणाचंच काम नव्हतं. एका चालकाने मात्र वाचला. जादा ड्युटी आली की ती नेहमी आपल्यावरच येते याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. ‘अपेक्षित प्रवासी एक’ हे वाचून त्याला वाटलं, कोणीतरी बडा माणूस असणार. तो धुतलेला गणवेश घालून आला आणि अकरा तारखेला पाच वीसला रिकामी बस घेऊन आपल्या नेहमीच्या मार्गाने निघाला.

ती बस बाईंच्या खिडकीखालूनच गेली. नवरा थांबला आणि म्हणाला, “एवढ्या पहाटे बस?”

“तू इकडे लक्ष दे,” बाई म्हणाल्या.

रजेवरून परत आल्यावर बाईंना साहेबांनी, म्हणजे डेपोप्रमुखांनी, आत बोलावलं. टेबलावर तो कागद होता. साहेब उभे राहिले आणि त्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. पहिल्या दिवशी प्रवासी शून्य, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी अकरा, आणि सहाव्या दिवशी एकेचाळीस. दवाखान्यांतल्या पहिल्या पाळीच्या नर्सा, बेकरीतले कामगार, ऑफिसं उघडण्याआधी ती झाडणाऱ्या बायका. ही सगळी माणसं वर्षानुवर्षं पहाटे चाळीस मिनिटं चालत कामाला जात होती आणि हे डेपोतल्या एकालाही माहीत नव्हतं.

“तुम्ही हे ओळखलंत कसं, बाई?” साहेबांनी विचारलं.

“अंदाज होता,” बाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं.

रोज गाडी सोडायची तर वरून मंजुरी लागते आणि तिला तीन वर्षं लागतात. महिन्यातून सहा दिवसांपर्यंत जादा गाडी सोडणं मात्र डेपोप्रमुखांच्या अधिकारात बसतं. साहेब म्हणाले, “तुमच्या अभ्यासाने दर महिन्याचे सहा दिवस काढून देत चला. त्याच पद्धतीने. पद्धत बदलू नका, ती सिद्ध झालेली आहे.” बाईंनी पुष्कळ विचार केला. दुसरी कोणतीही तारीख टाकायची तर तिच्यामागे काहीतरी कारण हवं, आणि कारणाशिवायची गाडी त्यांनी अकरा वर्षांत कागदावर आणली नव्हती. त्यांनी खरेच दिवस दिले. पुढच्या महिन्यात नऊ ते चौदा. त्याच्या पुढच्यात आठ ते तेरा. त्याच्यानंतर एकदा चार दिवस उशीर झाला आणि सगळं पुढे सरकलं, तेव्हा बेकरीवाल्यांनी आपली पाळी बदलून घेतली.

अशा रीतीने एका अख्ख्या शहराची पहाट बाईंच्या शरीराच्या वेळापत्रकावर चालू लागली. गाडी भरून जाई. खिडकीखालून जाताना चालक सौम्य हॉर्न वाजवी. वर पलंगावर बाई छताकडे बघत पाय भिंतीला लावून पडलेल्या असत, आणि त्यांना रडू येत असे, कारण दर महिन्याला खालची गाडी भरत होती. थोरली उठून दारात यायची, “आई, तू भिंतीवर का चालतेस?” म्हणायची, आणि उत्तराची वाट न बघता शेजारी आडवी होऊन आपलेही पाय वर लावायची. मग भिंतीवर चार डाग.

पाचव्या महिन्यात प्रवाशांनी निवेदन आणून दिलं. सह्या दोनशे बारा. ‘सदर जादा गाडीमुळे आमच्या जीवनात मोठा बदल घडून आला असून ती दर महिन्याला अशीच सुटत राहावी, तिच्यात कधीही खंड पडू नये, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे.’ साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. दोनशे बारा भली माणसं एका सुरात काय मागत आहेत, हे त्या खोलीत एकट्या बाईंना कळत होतं. त्यांनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याला हसवेना. म्हणाला, “घाबरू नकोस, मी आहे.” बाई म्हणाल्या, “तू आहेस रे. तुझ्याबद्दल तक्रारच नाही.”

सहाव्या महिन्यात पाळी आली नाही.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. बाई कोणाला बोलल्या नाहीत. स्वतःलासुद्धा जपून, अर्धवटच बोलल्या. नवव्या दिवशी साहेबांनी पुढचा तक्ता मागितला. बाई फॉर्म समोर घेऊन बसल्या. वाटेल ते सहा दिवस लिहून द्यायला कोणाची ना नव्हती. गाडीभर माणसांचे पाय वाचले असते. पण त्यांचा हात चालेना. त्या कागदावर तारीख घालणं म्हणजे पुढच्या महिन्यातही गरज पडणारच, असं आपल्याच हाताने लिहून सही-शिक्का करणं. वेळापत्रकाशिवाय दुसरी श्रद्धा नसलेल्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा एका कागदाची भीती वाटली. त्यांनी फळ्यावर एवढंच लावलं, ‘या महिन्यात जादा गाडी सुटणार नाही.’

दुसऱ्या दिवशी डेपोत बाईंच्या खिडकीवर रांग लागली. “सुटणार नाही म्हणजे काय?” “का पण? काही अडचण आहे का?” “अहो, तुमच्या मनात असेल तर होईल!” ही सगळी वाक्यं बाईंना सुरासकट ओळखीची होती. त्यांनी नेहमीचं हसू चेहऱ्यावर आणलं आणि “बघू” म्हणत राहिल्या. आणि रांगेत दवाखान्यातली ती रक्त घेणारी नर्स आली. तिच्या हातात मागच्या पाच महिन्यांच्या तारखा लिहिलेला चिठोरा होता. ती एकदा चिठोऱ्याकडे आणि एकदा बाईंकडे बघत होती. या तारखा तिने दुसऱ्या एका कागदावर, बाईंच्या केसपेपरवर, स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या होत्या.

“किती दिवस?” तिने हळू विचारलं.

“दहा,” बाई म्हणाल्या.

नर्सने तो चिठोरा चुरगळला. “गाडी बंदच ठेवा,” ती म्हणाली, “मला चालायची सवय आहे.” मग मागे वळून रांगेला म्हणाली, “चला हो, बाईंना काम करू द्या. सुटायची तेव्हा सुटेल.” रांग कुरकुरत मोडली. एकतीस अधिक सहा महिन्यांत बाईंसाठी इतकं कोणी केलं नव्हतं, आणि खिडकीच्या आड बसून, शिपाईकाका समोर असताना, त्या मनसोक्त रडल्या. काकांनी पंखा वाढवला.

मंगळवारी सकाळी त्याच नर्सने रक्त घेतलं, पहिल्याच टोचणीत. संध्याकाळी फोन आला तेव्हा बाई भात टाकत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, ऐकलं, “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. नवरा दारात उभा होता. त्याने काही विचारलं नाही. मग दोघं ओट्याला टेकून बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभी राहिली, आणि थोरली ‘भूक लागली’ असं चढत्या आवाजात सांगत राहिली.

फोनवर काय सांगितलं ते इथे लिहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात फळ्यावर कागद लागला की नाही, तेही नाही. वाचणाऱ्याला याचा राग येणं साहजिक आहे. एवढं सगळं वाचलं, त्या बाईसाठी जीव तुटला, आपलं माणूस वाटलं, आणि मग साधं एवढंही विचारायचं नाही का, की काय झालं शेवटी, राहिले का दिवस?

विचारा की. तुमचा हेतू चांगलाच आहे. त्या चारशे सहा जणांचाही होता.